मागच्यासाठी ठेवलेले पाणी

मुलांनो, डोळे मिटायला मी सांगणार नाही. उलट कान उघडे ठेवा आणि आपल्या घरातली सकाळ आठवा. रिकाम्या बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज, तो बादली भरत जाताना कसा बदलतो ते. कोणीतरी दार वाजवते, "आटप लवकर, मला उशीर होतोय!" आतून कोणीतरी ओरडते, "विसण घालतोय, थांब जरा!" आता या आवाजांतून एकेक आवाज काढून टाका. दार वाजवणारे कोणी नाही. ओरडणारे कोणी नाही. राहिली फक्त बादली आणि पाणी. असे घर मनात उभे राहिले का? मग आपण निफाडला येऊन पोहोचलो. वर्ष आहे आजपासून साधारण वीस वर्षांनी येणारे, आणि महिना जानेवारी. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक असेलच. तिथे पहाटे द्राक्षांच्या पानांवरचे दव गोठते.

या घरात कनक गायखे नावाची मुलगी राहते. वय अकरा, इयत्ता सहावी. तिच्याबरोबर राहतात तिचे पप्पा, तुषार गायखे. 'बरोबर' हा शब्द मी जपूनच वापरतो आहे. पप्पा द्राक्षांच्या शीतगृहात रात्रपाळी करत. संध्याकाळी साडेपाचला कंपनीची गाडी त्यांना घेऊन जाई, सकाळी साडेसातला आणून सोडे. कनकची शाळा सातची. ती दुपारी एकला परत येई तेव्हा पप्पा गाढ झोपलेले असत. ते साडेचारला उठत तेव्हा ती खो-खोच्या सरावाला गेलेली असे. रात्री सोबतीला खालच्या मजल्यावरच्या काकू येत आणि आठ वाजताच घोरू लागत. पप्पांची सुट्टी मंगळवारी, हिची रविवारी. कनकची आई दोन वर्षांपूर्वी आजारात गेली. तेव्हापासून एकाच घरात ही दोन माणसे पाळीपाळीने राहत होती.

दोघांच्या मध्ये होती एक टाकी.

या टाकीविषयी नीट सांगायला हवे, कारण गोष्टीचे मर्म तिथेच आहे.

वीज धान्यासारखी पोत्यात भरून ठेवता येत नाही. तयार झाली की त्याच क्षणी कोणीतरी ती वापरावी लागते. पूर्वी रात्री गिरण्या बंद, कारखाने बंद, माणसे झोपलेली. म्हणून रात्रीच्या विजेला गिऱ्हाईक नसे आणि ती स्वस्त मिळे. पुढे गावोगावी सूर्याची वीज आली आणि सगळे उलटे झाले. भर दुपारी वीज उतू जाऊ लागली, आणि सकाळ-संध्याकाळ, जेव्हा सगळ्यांनाच ती हवी असते, तेव्हा पुरेनाशी झाली. मग दुपारची वीज साठवायची कशात? मोठमोठ्या बॅटऱ्यांत साठवता येते, पण तेवढ्या आणणार कुठून? शेवटी लोकांच्या लक्षात आले की साठवणीचे एक भांडे प्रत्येक घरात आहेच. ते म्हणजे पाणी.

पाणी फार चिवट असते. तापायला वेळ घेते, आणि तापले की निवायलाही वेळ घेते. थंडीतले एक बादली पाणी कडकडीत तापवायला पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. तेवढ्या विजेवर त्या काळातला छताचा पंखा एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र फिरत असे. इतकी ऊब एका बादलीत मावते! म्हणून घरोघरी जाड अस्तराच्या टाक्या आल्या. बारा ते तीन हे सवलतीचे तास. तेवढ्यात टाकीने पाणी तापवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते थर्मासमधल्या चहासारखे धरून ठेवायचे.

आणखी एक गंमत. तुम्ही कधी विहिरीत पोहायला उतरला असाल तर वर पाणी उबदार आणि पायाशी गार, असा अनुभव आला असेल. गरम पाणी हलके असते, ते वर तरंगते. टाकीतही तसेच होते. म्हणून या टाकीत खालपासून वरपर्यंत तीन ठिकाणी तापवणाऱ्या तारा होत्या. जास्त पाणी लागणार असेल तर तळापासून तापवायचे; कमी लागणार असेल तर फक्त वरचा थर. उगाच जास्त तापवले तर न वापरलेली ऊब भिंतीतून निसटून वाया जाते, आणि गावाच्या वाट्याची दुपारची वीजही फुकट जाते.

पण किती पाणी लागणार हे टाकीला कळणार कसे? सुरुवातीला माणसे आकडा घालत. 'आज चार बादल्या.' मग झाले असे की ज्याच्या घरी दोन माणसे तोही पाहुणे आलेत असे सांगून सहा बादल्यांची ऊब मागू लागला. तेव्हा आकडा घालण्याची सोयच काढून टाकली. नव्या टाक्या कोणाचे ऐकत नसत. त्या फक्त बघत. काल किती पाणी वापरले गेले, परवा किती, त्यावरून उद्याचे ठरवत. सात दिवसांची सरासरी, आणि वर अडीअडचणीला म्हणून अर्धी बादली.

व्यवस्था हुशारीची होती. गावात ती चाललीही छान. गायख्यांच्या घरात मात्र ती बिघडली, कारण त्या घरात एक जुनी शिस्त होती. आंघोळीला जाणाऱ्याने मागच्यासाठी पाणी ठेवायचे. आई होती तेव्हा ती स्वयंपाकघरातून रोज ओरडून सांगायची, "मागच्याला ठेव रे!" आणि सगळ्यांत शेवटी स्वतः आंघोळीला जायची.

हिवाळा सुरू झाला तेव्हा एका मंगळवारी कनकने पप्पांना शर्टाची बटणे काढताना पाहिले. शीतगृहात शून्य अंशाला रात्रभर पेट्या तपासून त्यांची बोटे सुजून लाल झाली होती. एक बटण निघायला त्यांना इतका वेळ लागला की ती तिथून निघून गेली, बघवेना. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळची एक बादली पाऊण केली. पप्पा साडेसातला येतील, त्यांना हात-पाय शेकायला पाणी हवे. हे तिने त्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी ते घेतले नसते.

आता गणित बघा. कनकने पाव बादली वाचवली. टाकीने ते पाहिले आणि म्हटले, या घराला कमी लागते. तिने कमी तापवले. टाकीवरच्या छोट्या पडद्यावर उरलेल्या बादल्यांचे चित्र दिसे. कनकला ते लहान दिसले. ती घाबरली. तिने पाऊण बादलीची अर्धी केली. टाकीने तेही पाहिले. डिसेंबरअखेर कनक दोन तांबे कोमट पाण्यात अंग भिजवत होती, दातावर दात वाजवत आवरत होती आणि स्वेटरवर स्वेटर चढवून शाळेला पळत होती.

एक गोष्ट तिला कळत नव्हती. ती इतके वाचवत असताना पाणी जाते कुठे?

जानेवारीतल्या एका मंगळवारी पप्पांनी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवला.

"कनू, हे काय आहे?"

टाकीचा महिन्याचा निरोप होता. 'आपल्या घरातील गरम पाण्याचा वापर फार घटला आहे. घरातील माणसे परगावी आहेत का?'

"मला काय माहीत," कनक म्हणाली.

"मला माहितीये मी किती वापरतो ते. माझं वजा केलं तर तुझं काही उरतच नाही. तू आंघोळ करत नाहीस का?"

"करते की."

"ह्या थंडीत? गार पाण्याने?"

"नाही ओ पप्पा. गरम."

"मग केस असे का झालेत? वर्गशिक्षिकांचाही फोन आला होता. म्हणे, कनक हल्ली बोलत नाही, बाकावर आखडून बसते."

कनकने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि बुडवूनच ठेवला. खरे सांगितले तर पप्पा तिचे पाणी घेणार नाहीत, आणि खोटे तिला सुचेना.

पप्पांनी फोन पालथा घातला. मग म्हणाले, "चूक माझी आहे. पोरीला कोणी बघायला नको का? मी प्रियंकाशी बोललो. रविवारी आत्या येईल गाडी घेऊन. तू धुळ्याला जा. तिथली शाळाही चांगली आहे."

"किती दिवस?"

"दिवस नाही. राहायलाच."

प्रियंका आत्याचे घर कनकला आवडायचे, हे लपवून काय उपयोग? तिथे आत्याची मुलगी त्रिशा होती, तिच्याच वयाची, झोपेत लाथा मारणारी. त्रिशाचा भाऊ विहान होता, सतत चिडवणारा. तिथे न्हाणीघराचे दार दिवसभर कोणी ना कोणी वाजवत असे. त्या रात्री कनकने मनात दोन्ही घरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. धुळ्याचे घर भरलेले होते. मग तिने निफाडचे घर तिच्याशिवाय कसे दिसेल ते पाहिले, आणि खालच्या काकूंच्या घोरण्याकडे लक्ष देत पडून राहिली.

शनिवारी दुपारी दोनला दार वाजले. बाहेर एक बाई उभ्या होत्या. खांद्याला हत्यारांची पिशवी, डोक्याला मफलर.

"टाकी बघायला आले. मी शमीम पिंजारी. घरात मोठं कोणी आहे का?"

"पप्पा झोपलेत. हळू बोला ना, रात्रपाळी आहे त्यांची."

"अगं बाई! माझा आवाजच मेला भोंग्यासारखा," शमीमताई कुजबुजल्या, आणि ते कुजबुजणेही जिन्यापर्यंत ऐकू गेले असते. "तुमची टाकी यादीत आलीये. वापर इतका कमी की एकतर गळती, नाहीतर घर रिकामं."

त्यांनी टाकीचे झाकण उघडले, तारा तपासल्या, अस्तर दाबून पाहिले. मग आपल्या हातातली पाटीएवढी यंत्रफळी टाकीला जोडली.

"टाकी ठणठणीत आहे. बिघडलेली नाही, शिकलेली आहे. हे बघ, तुमच्या घराचा दिवस." फळीवर एक रेघ डोंगरासारखी वरखाली जात होती. "जिथे टेकडी, तिथे कोणीतरी नळ सोडला. ही सहाची कोणाची?"

"माझी."

"टेकडी कसली, मुंग्यांचं वारूळ आहे हे. ही साडेसातची?"

"पप्पांची. कामावरून आल्यावर." कनकने ती पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. एक तांब्या, फार तर दीड. एवढे ठेवूनही पप्पांनी घेतले नव्हते.

"आणि ही संध्याकाळी पाचची?"

कनकने तिसऱ्या टेकडीचा कधी विचारच केला नव्हता. पाच वाजता ती मैदानावर असे. कामाला निघण्याआधी पप्पा आंघोळ करतात हे तिला माहीत होते. त्यातून काही शोधायचे असते हे माहीत नव्हते.

"ताई, ही आधीपासून एवढीच आहे?"

शमीमताईंनी बोटाने रेघ मागे सरकवली. नोव्हेंबर. पाचची टेकडी चांगली उंच होती. मग एके दिवशी ती थोडी खचली. मग आणखी. कनकने स्वतःची सहाची टेकडी तिच्या शेजारी पाहिली. एक खचली की दुसरी खचे. दुसरी खचली की पहिली आणखी खचे. दोन महिने दोन्ही टेकड्या एकमेकींकडे बघून बसत चालल्या होत्या.

"ते माझ्यासाठी ठेवत होते," कनक म्हणाली.

"कोण?"

"पप्पा. आणि मी त्यांच्यासाठी."

शमीमताई पान्हा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "या खुदा," त्या म्हणाल्या. "आणि ही खुळी टाकी समजली की तुम्हाला दोघांनाही नकोय."

"तुम्ही सांगा ना तिला. आम्हाला हवंय म्हणून."

"ती सांगितलेलं ऐकत नाही, बाळा. वापरलेलं ऐकते. तिला सांगायचा रस्ता एकच. जेवढं गरम पाणी असेल तेवढं संपवायचं. सगळं. टाकी रिकामी झाली की तिला कळतं, कमी पडलं. मग दुसऱ्या दिवशी अर्धी बादली जास्त. असं सात-आठ दिवस रोज केलं तर येईल मूळपदावर."

"पण सगळं एकाने संपवलं तर दुसऱ्याला?"

"गार," शमीमताई म्हणाल्या. "तोवर रोज एकाला गार."

साडेचारला पप्पा उठले तेव्हा कनक खाटेच्या पायथ्याशी बसली होती. शमीमताईंनी टेकड्यांचे चित्र छापून दिले होते. तिने ते पप्पांच्या मांडीवर ठेवले.

"ही पाचची टेकडी बघा."

पप्पांनी डोळे चोळले. कागद उजेडाकडे धरला. कनकने बोट ठेवून दाखवले: ही तुमची, ही माझी, ही पुन्हा तुमची. पप्पा शिकलेले होते. त्यांना फार समजावावे लागले नाही. ते एवढेच म्हणाले, "सकाळी थंडी असते गं. तुला लागतं."

"आणि तुमची बोटं?"

"बोटांचं काय! हंगाम संपला की बरी होतात."

"साडेसातलाही तुम्ही एकच तांब्या घेता. तेव्हा कोणासाठी ठेवता?"

"तू शाळेतून येतेस. हात-पाय धुशील."

"पप्पा, तुम्ही येडे आहात."

"आहेच. आणि तू कोणाची पोरगी?"

दोघेही हसले. हसणे संपल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती मात्र नेहमीचीच होती. पप्पा म्हणाले, "पाण्याचं कळलं. पण कनू, बाकी काही बदललं नाही. मी रात्री नसतो, दिवसा झोपतो. तू एकटी. तिकडे तुला माणसं मिळतील. उद्या प्रियंका सातला निघणार आहे. साडेसहाला मी तिला फोन करतो. काय सांगायचं ते तू ठरव. जाते म्हणालीस तर मला राग नाही. खरंच नाही."

"आणि टाकी?"

"तिचं काय? मी एकटा राहिलो तर मला ती पुरेल."

कनक त्या कागदाची घडी घालत बसली, लहान, आणखी लहान. पप्पांनी ते पाहिले असावे.

"तोंडाने नको सांगू," ते म्हणाले. "आपल्या दोघांना तोंडाने जमत नाही. सहा ते साडेसहा चहाची सुट्टी असते, मी बाहेर येऊन फोन बघतो. टाकी रिकामी झाली की मला निरोप येतो. तो आला तर मी समजेन, राहतेस. नाही आला तर समजेन, माझ्यासाठी ठेवलंस आणि निघालीस."

त्या दिवशी पप्पांनी गार पाण्यानेच आंघोळ केली. दाराबाहेर कनकला त्यांचा मोठमोठ्याने श्वास घेतल्याचा आवाज आला. साडेपाचला गाडी येऊन त्यांना घेऊन गेली.

रविवारी सकाळी कनक सहाला पाच मिनिटे कमी असताना उठली. काकू आपले पांघरूण घडी करून केव्हाच गेल्या होत्या. खिडकीच्या काचेवर बाहेरून दवाची जाड साय धरली होती. तिने अर्धवट भरलेल्या आपल्या पिशवीकडे पाहिले. न्हाणीघरात जाऊन टाकीच्या पडद्यासमोर उभी राहिली. एक बादली आणि वर थोडे.

मुलांनो, तिच्या जागी उभे राहून पाहा. नळ थोडा सोडून बंद केला, तर पप्पा येतील तेव्हा सुजलेल्या बोटांना गरम पाणी मिळेल. आजही मिळेल आणि उद्याही, कारण वापरायला दुसरे कोणी असणार नाही. संध्याकाळपर्यंत ती त्रिशाशी भांडत असेल. नळ पूर्ण सोडला, तर रात्रभर शून्य अंशात काम करून आलेल्या माणसाला ती आज स्वतःच्या हाताने बर्फासारखे पाणी देणार होती. आणि नंतर पुन्हा तेच घर, त्याच वेळा, तीच शांतता. दोन महिने तिने माया करायची म्हणजे कमी घ्यायचे, एवढेच केले होते. सगळे घ्यायचे, हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हते.

ती किती वेळ उभी होती ते मला सांगता येणार नाही. बाहेर एक ट्रॅक्टर गेला.

मग तिने बादली नळाखाली ओढली आणि नळ शेवटपर्यंत फिरवला. वाफेने आरसा पांढरा झाला. तिने विसण घातले, पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि दोन महिन्यांत प्रथमच केस धुतले. एकदा, आणि पुन्हा एकदा. बादली संपली तशी तिने पुन्हा भरायला लावली. पाणी कोमट आले, तरी तिने नळ बंद केला नाही. ती ओल्या फरशीवर उकिडवी बसली, दोन्ही हात धारेखाली धरले आणि पाणी गार होईपर्यंत, गारठून बोटे दुखेपर्यंत, तसेच धरून ठेवले.